लेस्टरमध्ये नगरसेवकपदासाठी उभी राहू का?

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातून एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

त्या मूळच्या नाशिक जिल्ह्यातल्या. लग्नानंतर इंग्लंडला गेल्या, आता वय त्रेचाळीस. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कायमची नोकरी, नवरा आयटीत, मुलगा तेरा वर्षांचा. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले. तेव्हा दोन्हीकडच्या बायकांनी निदान एकमेकींशी बोलावं म्हणून त्यांनी एका कम्युनिटी सेंटरमध्ये चहाच्या बैठका सुरू केल्या, त्या अजून चालू आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टमध्ये लहान मुलींची हत्या झाली, मारेकरी बाहेरून आलेला आश्रित असल्याची खोटी अफवा पसरली आणि मग इंग्लंडच्या अनेक शहरांत स्थलांतरितांविरुद्ध दंगली पेटल्या. त्याच आठवड्यात बसस्टॉपवर कुणीतरी त्यांच्या मुलाला 'आपल्या देशात परत जा' असं सुनावलं. मुलगा लेस्टरमध्येच जन्मलेला आहे.

आता एका पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी विचारलं आहे : पुढच्या पालिका निवडणुकीत आमच्याकडून उमेदवारी मागाल का? त्यांची इच्छा वर्णद्वेषाविरुद्ध काम करण्याची आहे. 'पण नगरसेवक म्हणजे खड्डे, कचरा, पार्किंग. त्यात माझं खरं काम राहूनच जाईल,' ही त्यांची शंका. नवऱ्याचं म्हणणं, 'परक्या देशात राजकारणाच्या चिखलात पाय कशाला घालायचा? आपण बरं, आपलं काम बरं.' मराठी मंडळातल्या एका काकांनी बजावलं, 'उभी राहा, पण आपल्या लोकांसाठी. जातीबितीचे, हिंदू-मुसलमानांचे विषय तिथे काढू नकोस. गोऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.' आणि मुलगा म्हणतो, 'आई, प्लीज नको. शाळेत सगळे बोलतील.'

त्या विचारतात : 'उभी राहू, की बाहेर राहूनच काम करू? आणि पक्षाला मी हवी आहे की नुसता माझा सावळा चेहरा, हे कसं ओळखू?'

प्रिय मैत्रीण,

माझं मत आधीच सांगून टाकते. तुम्ही उमेदवारी मागावी. पण मागण्यामागची तुमची काही कारणं आणि कचरण्यामागचीही काही कारणं मला पटलेली नाहीत. त्यांबद्दल नीट बोलायला हवं, कारण उद्या खरोखरच निवडून आलात तर हीच कारणं तुम्हाला पहिल्या वर्षातच थकवतील.

सुरुवात खड्ड्यांपासूनच करू. वर्णद्वेषाविरुद्धचं काम एका बाजूला आणि खड्डे-कचरा-पार्किंग दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी तुम्ही मनाशी करून टाकली आहे. ती खरी आहे का?

मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथे एका गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुदानहून आलेलं एक कुटुंब राहत होतं. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात भिंतींवर काळी बुरशी चढलेली. वडिलांनी २०१७ मध्ये पहिल्यांदा तक्रार केली, तेव्हा 'वरून रंग मारा' असं उत्तर मिळालं. बुरशी परत आली, तक्रारीही परत गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक दगावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने निष्कर्ष दिला, की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहावं लागल्यामुळेच हा श्वसनाचा आजार झाला. या कुटुंबाच्या राहणीमुळे, आंघोळीच्या पद्धतीमुळे घरात ओल धरते असं गृहीत धरलं गेलं होतं, आणि ते गृहीत धरणं चूक होतं, हे पुढे त्या संस्थेलाही मान्य करावं लागलं.

वर्णद्वेष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बसस्टॉपवरचा तो माणूस येतो. या प्रकरणात कुणाला शिवी देण्याची गरजच पडली नाही. 'ही माणसं अशीच राहतात' एवढं मनात धरलं आणि दुरुस्तीचा माणूस गेला नाही. यानंतर इंग्लंडमध्ये कायदा बदलला. 'अवाबचा कायदा' म्हणून ओळखली जाणारी तरतूद ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक भाडेघरांना, म्हणजे पालिका आणि गृहनिर्माण संस्था कमी भाड्याने देतात त्या घरांना, लागू झाली आहे. जिवाला धोका असेल तर चोवीस तासांत दुरुस्ती, गंभीर ओल-बुरशी असेल तर कामाच्या दहा दिवसांत तपासणी, अशा मुदती त्यात आहेत. तुमची पालिका स्वतः हजारो घरांची मालक आहे. या मुदती तिथे पाळल्या जातात का, आणि कुणाच्या बाबतीत पाळल्या जातात, कुणाच्या बाबतीत लांबतात, हे सभागृहात विचारण्याचा अधिकार नगरसेवकाला असतो. २०१० च्या इक्वालिटी ॲक्टचं कलम १४९ सार्वजनिक संस्थांवर भेदभाव टाळण्याचं आणि समान संधीचा विचार करण्याचं बंधन घालतं. त्याचा आधार घेऊन दुरुस्तीच्या प्रतीक्षायादीची वस्तीनुसार, वंशगटानुसार आकडेवारी मागता येते. हे काम भाषणाइतकं दिमाखदार नाही, पण तुम्हाला जे करायचं आहे ते हेच आहे.

महिन्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी वाचनालयाच्या कोपऱ्यात टेबल टाकून नगरसेवक बसतात, त्याला तिथे 'सर्जरी' म्हणतात. आधी एक गुजराती आजी येते. पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढते, त्यात काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या, थकबाकीचं शेवटच्या ताकिदीचं पत्र. तिला वाटतंय पोलीस घरी येणार. तिच्यामागे सोमाली आई. थोरल्याला मिळालेल्या शाळेत धाकट्याला प्रवेश नाकारलाय आणि अपिलाची मुदत सोमवारी संपते. मग सत्तरीचे एक गोरे आजोबा. दोन आठवडे त्यांचा कचऱ्याचा डबा उचललेला नाही. ते सांगता सांगता तुमच्याकडे बघून म्हणतात, 'तुम्ही लोक यायच्या आधी असं नव्हतं.'

या तिसऱ्या माणसाशी तुम्ही कशा वागाल, याचा विचार उमेदवारीचा अर्ज भरण्याआधी करा. माझं मत असं : वाक्याचं उत्तर तिथल्या तिथे शांतपणे द्यावं. 'मी या वॉर्डात इतकी वर्षं राहते, माझाही डबा उचलला गेलेला नाही,' एवढं पुरे. आणि सोमवारी त्यांचा डबा उचलला जाईल हे पाहावं. वाक्य गिळू नये आणि त्यासाठी काम अडवूही नये. ते तुमचे मतदार आहेत, त्यांनी तुम्हाला मत दिलेलं नसलं तरी. वर्णद्वेषाविरुद्धचं काम करणाऱ्या नगरसेविकेची खरी परीक्षा त्या टेबलावर होते, आणि ती दर महिन्याला होते.

आणखी एक. निवडून आलात की सहकारी तुम्हाला आपोआप समानतेच्या, सलोख्याच्या समितीवर बसवू पाहतील. दिवाळीच्या आणि ईदच्या कार्यक्रमांची आमंत्रणं येतील, फोटो निघतील. पहिल्या वर्षी आग्रहाने गृहनिर्माणाचं काम मागा. ते मिळालं नाही तर परवान्यांचं किंवा बांधकाम परवानगीचं. पैसा आणि नियम तिथे हलतात.

बांधकाम परवानगी म्हटल्यावर आपल्या जिव्हाळ्याचं एक उदाहरण आठवतं. १९२१-२२ मध्ये लंडनमध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केलं. ते घर कॅम्डेन पालिकेच्या हद्दीत येतं. राहत्या घराचं संग्रहालय करायला पालिकेने परवानगी नाकारली, कारण वस्तीतली एक राहती जागा कमी होते. वर्दळीबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. २०१९ मध्ये अपिलाची जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. पालिकेचा नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. लंडनमध्ये घरांची टंचाई आहे, तो नियम त्यासाठीच आहे. पण त्या घराचं मोल ज्यांना मुळातून ठाऊक आहे असं कुणीतरी फाइल दिल्लीपर्यंत आणि व्हाइटहॉलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश सरकारपर्यंत, जाण्याआधी, स्थानिक पातळीवरच्या चर्चेत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या शहराचा इतिहासही हेच सांगतो. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. तेव्हा लेस्टरच्या पालिकेने 'युगांडा आर्गस' या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. घरं, शाळा, दवाखाने भरलेले आहेत असं कारण दिलं होतं. माणसं तरीही आली. आज ज्या बेलग्रेव्ह रोडवर तुम्ही दिवाळीची रोषणाई बघायला जाता, तो त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी उभा केला. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये आशियाई वंशाचे लोक ४३.४ टक्के आणि गोरे ४०.९ टक्के निघाले. ती जाहिरात कुणा माथेफिरूने दिली नव्हती. निवडून आलेल्या लोकांच्या पालिकेने रीतसर पैसे मोजून दिली होती. म्हणून पालिकेच्या सभागृहात कोण बसतं याने फरक पडतो.

आता तुमच्या मंडळातल्या काकांकडे येते. माझ्या मते तुमच्यापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनीच विचारला आहे.

त्यांची भीती पोकळ नाही. २०२२ मध्ये लेस्टरच्या गल्ल्यांतल्या भांडणावर बाहेरच्या, अगदी देशाबाहेरच्या लोकांनीही समाजमाध्यमांवरून तेल ओतलं, खोट्या बातम्या फिरवल्या. आशियाई माणसं एकमेकांशी भांडतात हे दाखवून 'यांना येऊच द्यायला नको होतं' म्हणणारेही होते. काकांनी हे पाहिलं आहे. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे बाहेर फक्त गोऱ्यांच्या वर्णद्वेषाबद्दल बोलायचं आणि घरातल्या भेदाबद्दल गप्प राहायचं, हा टिकणारा नाही. तुमच्या चहाच्या बैठकीत येणारी मुस्लिम शेजारीण, वॉर्डातलं दलित कुटुंब, तो कचऱ्याच्या डब्यावाला म्हातारा, सगळे एकच गोष्ट बघत असतात : ही बाई मोजमाप एकच वापरते, की माणूस बघून बदलते?

व्ही. के. कृष्ण मेनन यांचं नाव काकांना नक्की ठाऊक असेल. स्वातंत्र्याआधी ब्रिटनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याचा प्रचार करणाऱ्या इंडिया लीगचं काम करत असतानाच ते १९३४ ते १९४७ लंडनच्या सेंट पँक्रस पालिकेत नगरसेवक होते. तो भाग आज कॅम्डेनमध्येच येतो. कातडीचा रंग उघडपणे मोजला जाण्याच्या त्या काळात एका भारतीय माणसाने तिथे वाचनालयांचं काम हाती घेतलं आणि ते इतकं मन लावून केलं की १९५५ मध्ये त्या पालिकेने त्यांना आपला मानाचा नागरिक केलं. पुढे हेच मेनन १९५७ आणि १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले. आणि १९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर ते अपक्ष उभे राहिले, तेव्हा नुकत्याच स्थापन झालेल्या शिवसेनेने ते मराठी नाहीत, दाक्षिणात्य आहेत, म्हणून त्यांच्याविरुद्ध जोरदार प्रचार केला. मेनन हरले, त्याच वर्षीची पोटनिवडणूकही हरले. पराभवाला कारणं बरीच होती, १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री असताना झालेल्या चीनच्या युद्धाचा डाग होताच. तरीही लंडनमध्ये ज्याला लोकांनी आपला मानलं, त्याला आपल्या मुंबईत 'बाहेरचा' म्हणून ऐकावं लागलं, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये. तुमच्या मुलाला बसस्टॉपवर जे ऐकावं लागलं, त्याच जातीचं वाक्य आपल्या शहरांत रिक्षावाल्याला, भेळवाल्याला ऐकवलं जातं. काकांशी वाद घालायचा असेल तर इथून घाला. पण वाद जिंकायला जाऊ नका. त्यांनी स्वतः तिथे पहिली नोकरी शोधताना, पहिलं घर भाड्याने घेताना काय सोसलं ते आधी विचारा.

जातीबद्दलही तेच. २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने जात हा भेदभावाविरुद्धच्या कायद्यात स्पष्टपणे घालण्याची तरतूद केली, पण २०१८ मध्ये सरकारने तसं करायचं नाही, न्यायालयांच्या निकालांवर भागवायचं असं ठरवलं. म्हणजे विषय तिथे आधीच आहे, तुम्ही काढण्याची वाट बघत बसलेला नाही. अमेरिकेत तर एका नगर परिषदेनेच तो हाती घेतला. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत सिॲटलच्या परिषदेत २०१४ पासून होत्या. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांनी मांडलेला जातिभेदबंदीचा ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला आणि सिॲटल असा कायदा करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्या ठरावाच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे भारतीय माणसंच मोठ्या संख्येने होती. सावंत यांची सगळी राजकीय मतं तुम्हाला पटोत न पटोत. तासाला किमान पंधरा डॉलर मजुरीची लढाई त्यांनी आधी लढवली होती, आणि २०२१ मध्ये त्यांना मुदतीआधीच पदावरून काढण्यासाठी घेतलेल्या मतदानातून त्या अगदी थोडक्यात वाचल्या होत्या, हेही लक्षात ठेवा. असं काम करणाऱ्या माणसाला खुर्ची गमावण्याची तयारी ठेवावी लागते.

म्हणून काकांना मी तुमच्या जागी असते तर एवढंच सांगितलं असतं : मी आपल्या लोकांचं काम करीनच, पण फक्त आपल्या लोकांचं म्हणून उभी राहणार नाही. आणि जात किंवा धर्म काढून कुणाचं घर, परवाना, प्रवेश अडवला गेला असेल तर मी तो विषय काढीन, अडवणारा कुणीही असो. मंडळाची काही मतं कमी होतील. होऊ देत.

पक्षाला तुम्ही हव्या आहात की तुमचा चेहरा? बहुधा दोन्ही, आणि त्यात दुखावून जाण्यासारखं फारसं नाही. चेहऱ्यासाठी बोलावलेली माणसं पुढे स्वतःच्या बळावर उभी राहिलेली आपण पाहतो. पण काही प्रश्न थेट विचारा. कुठला वॉर्ड देताय, जिंकता येण्यासारखा की हरलेलाच? तुमच्याकडे एकेका वॉर्डात दोन-तीन नगरसेवक असतात, तर माझ्यासोबत कोण उभं राहणार? दारोदार फिरायला किती कार्यकर्ते येतील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सदसद्विवेकाचा प्रश्न आला तर व्हिपविरुद्ध मतदान केल्यास काय होतं? याआधी या पक्षातून निवडून आलेल्या एखाद्या आशियाई नगरसेविकेला एकटीला गाठून चहा प्या. पक्षाचे पदाधिकारी सांगणार नाहीत ते ती सांगेल. २०२३ च्या निवडणुकीआधी तुमच्याच शहरात लेबर पक्षाने आपल्या १९ विद्यमान नगरसेवकांना पुन्हा उमेदवारी दिली नाही, आणि त्या निवडणुकीत ५४ पैकी बऱ्याच जागा पक्षाने गमावल्या. पक्ष कुठलाही असो, तिकीट देणारा हात काढूनही घेतो. आणि लेस्टरमध्ये २०११ पासून महापौर थेट निवडला जातो. कारभाराचे बरेच निर्णय तो आणि त्याने नेमलेले मोजके सहकारी घेतात. साध्या नगरसेवकाचं बळ छाननी समित्यांत, प्रश्न विचारण्यात आणि वॉर्डातल्या कामात असतं. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या सहा महिन्यांत 'इथे माझं कुणी ऐकतच नाही' असं वाटायला लागतं.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. 'आपण बरं, आपलं काम बरं' या वाक्याच्या आधाराने परदेशातल्या कितीतरी मराठी घरांनी पहिली वर्षं काढली आहेत. पण त्यांना नेमकी भीती कशाची वाटते ते खोदून विचारा. लोक बोलतील याची? सुरक्षिततेची? की घरकाम सगळं त्यांच्या अंगावर येईल याची? या तिसऱ्या भीतीत तथ्य आहे. इंग्लंडमधल्या नगरसेवकांच्या पाहणीत आठवड्याला सरासरी साधारण २२ तास या कामात जातात असं दिसलं आहे, आणि त्यातले बरेच तास संध्याकाळचे. पगार मिळत नाही, भत्ता मिळतो. त्यावर कर लागतो आणि त्यावर घर चालत नाही. म्हणून नोकरी अजिबात सोडू नका. १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यातल्या कलम ५० नुसार नगरसेवकाच्या कामासाठी वाजवी रजा देणं मालकावर बंधनकारक आहे, मात्र त्या वेळेचा पगार देण्याचं बंधन नाही. तुमच्या विभागप्रमुखांशी आत्ताच बोलून ठेवा, पाळ्या कशा लावता येतील ते पाहा. घरात कुठल्या संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार याची आखणी निवडणुकीआधी करा. नंतर ती होत नाही. आणि 'परका देश' या शब्दांबद्दल त्यांना एकदा विचारा, की मुलगाही तिथे परकाच आहे का?

मुलाचं मात्र मी पूर्णपणे ऐकीन. तेरा वर्षांच्या मुलाला नजरेत भरायचं नसतं, आणि ज्याला रस्त्यावर एकदा वेगळं काढलं गेलंय त्याला तर नाहीच. त्याची परवानगी मागायची गरज नाही, पण त्याच्याशी करार करा. पत्रकावर, समाजमाध्यमांवर त्याचा फोटो किंवा नाव येणार नाही. बसस्टॉपची गोष्ट तुम्ही भाषणात वापरणार नाही, ती त्याची आहे. पत्ता मतपत्रिकेवर छापला जाणार नाही, कारण इंग्लंडमध्ये २०१९ पासून स्थानिक उमेदवाराला तो गुप्त ठेवता येतो. निवडून आल्यावर हितसंबंधांच्या नोंदवहीत घराचा पत्ता द्यावा लागतो, पण धोका असेल तर २०११ च्या लोकलिझम ॲक्टखाली तोही उघड न करण्याची विनंती मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या पालिकेच्या अधिकाऱ्याकडे, करता येते. वेगळा फोन नंबर घ्या. सर्जरीला कधीही एकट्या बसू नका. धमकी किंवा वर्णद्वेषी शिवीगाळ आली की पुसून टाकू नका, तारखेसह जतन करा आणि पोलिसांना कळवा. हे सगळं मुलाला माहीत असू द्या. त्याची भीती बहुधा निम्म्यावर येईल.

इतर वाचकांनीही असे प्रश्न विचारले आहेत, म्हणून पात्रतेबद्दल थोडं. इंग्लंडमध्ये वैध व्हिसावर राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे म्हणून पालिकेला मतदान करू शकतात, फक्त मतदारयादीत नाव हवं. उभं राहायचं असेल तर कायम वास्तव्याचा परवाना किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं. वय अठरा पूर्ण, आणि त्या पालिकेच्या यादीत नाव किंवा आधीचे बारा महिने तिथे वास्तव्य, नोकरी किंवा जागा. त्याच पालिकेत नोकरीला असाल तर मात्र उभं राहता येत नाही. रुग्णालयातली नोकरी त्यात बसत नाही, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. अनामत रक्कम भरावी लागत नाही, अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन मतदारांच्या सह्या पुरतात. अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांना सहसा तिथलं नागरिकत्व घेतल्याशिवाय उभं राहता येत नाही.

पक्षाला होकार कळवण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. टाउन हॉलमध्ये पूर्ण सभा असते तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जात शेवटपर्यंत बसा. अर्थसंकल्पाची सभा असेल तर उत्तमच, कंटाळा किती सोसतो ते कळेल. आणि तुमच्या बैठकीतल्या एखाद्या बाईचं अडलेलं काम, दुरुस्ती असो की शाळाप्रवेशाचं अपील, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्यासोबत पत्रं लिहून, फोन करून पाठपुरावा करून बघा. त्यात राग आला, चिकाटी टिकली आणि काम झाल्यावर आनंद वाटला, तर अर्ज भरा.

आणि या सगळ्यानंतर नको वाटलं, तर तेही चालेल. शाळांच्या व्यवस्थापन मंडळांवर गव्हर्नरच्या जागा बऱ्याचदा रिकाम्या असतात. शाळेतून कुठल्या मुलांना काढून टाकलं जातं, वर्णद्वेषी प्रकारांची नोंद कशी होते, हे तिथे बसून विचारता येतं. भाडेकरूंच्या संघटनांना आकडेमोड जमणारी माणसं हवीच असतात. तुम्ही प्रयोगशाळेत काम करता, नोंदी ठेवणं तुमच्या हाताला आहे. ओल-बुरशीच्या तक्रारींची तुमच्या बैठकीतल्या बायकांनी मिळून एक वही ठेवली : तारीख, पत्ता, कुणी काय उत्तर दिलं. ती घेऊन तुमच्या वॉर्डातल्या सध्याच्या नगरसेवकांच्या सर्जरीला गेलात, तरी कामाला सुरुवात होते. उमेदवारीचं काय ठरवलंत ते कळवा. वही मात्र त्याआधीच घाला.